दगडफुलाची दौलत

फ्लॉरेन्स शहरातील सांता मारिया नोव्हेला या ख्रिस्ती देवालयाच्या दर्शनी भिंतीवर, ज्याच्या द्रव्याने ती उभी राहिली त्या जोव्हान्नी रुचेल्लाई या धनाढ्य व्यापाऱ्याचे नाव 1470 या सालासह लॅटिन अक्षरांत कोरलेले आहे. परंतु ज्या जिनसेने या घराण्यास संपत्ती आणि आडनाव दोन्ही दिली, ती म्हणजे सागरतीरीच्या कड्यांना चिकटून वाढणारे रोक्सेला नामक राखी शैवाक, अर्थात आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाचे दूरचे भावंड होय. घराण्याचा एक पूर्वज व्यापारानिमित्त पूर्वेच्या मुलखात गेला असता या शैवाकापासून जांभळा रंग काढण्याची विद्या शिकून आला, असे परंपरा सांगते.

विद्या म्हणावी, तर ती भलतीच अमंगळ होती. या शैवाकात जांभळा रंग मुळी नसतोच. असतात ती एरिथ्रिन, लेकॅनोरिक आम्ल यांसारखी रंगहीन द्रव्ये, ज्यांचे शिळ्या मूत्रातील अमोनियाने विघटन होऊन ऑर्सिनॉल निर्माण होते, आणि तोच अमोनिया व हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगाने, दिवसचे दिवस मिश्रण ढवळीत राहिल्यावर, रेशीम व लोकर रंगविणारे ऑर्सीन सिद्ध होते. हा रंग उन्हात विटतो. तरीही त्याच्या कच्च्या मालापायी कॅनरी बेटांत या शैवाकाचा इजारा चाले, आणि दोराला लोंबकळून कडे खरवडणारी माणसे प्राणास मुकत.

अशा धंद्याचे खरे भांडवल गुप्तता हेच असते. स्कॉटलंडात कथबर्ट गॉर्डन याने 1758 साली तेथल्याच एका शैवाकापासून ‘कडबेअर’ हा रंग करण्याची सनद मिळविली. पुढे 1777 मध्ये जॉर्ज मॅकिंटॉश याने ग्लासगो येथे घातलेल्या कारखान्यास उंच तटाची भिंत होती आणि आत गेलिक बोलणारे डोंगराळ मुलखातील मजूर ठेवलेले होते, म्हणजे गुपित फुटलेच तरी ते शहरवासीयांस उमजू नये! (रबरी कापडाच्या पावसाळी कोटास ज्याचे नाव चिकटले, तो चार्ल्स याच जॉर्जचा पुत्र.) शहरभरातून गोळा केलेले मूत्र मात्र लपविता येण्याजोगे नव्हते.

रोबिके या फ्रेंच रसायनज्ञाने 1829 साली ऑर्सिनॉल वेगळे काढून दाखविल्यावर त्या तटाचा अर्थ संपला, आणि 1856 मध्ये पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने डांबरजन्य द्रव्यापासून जांभळा रंग बनविल्यानंतर धंद्याचेही दिवस भरत आले. शाळेतील लिटमसची पट्टी आणि कांद्याच्या मुळाग्रातील गुणसूत्रे दाखविणारे ॲसिटो-ऑर्सीन, ही दोन्ही मुळात याच कुळीची आहेत.