खेड्यातील परिचारिका आणि एड्सचे भय

१८९७ साली पुण्याच्या परिसरात प्लेगाची साथ भडकली. तेव्हा प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनाही त्याच रोगाने गाठले आणि त्यांनी देह ठेवला. अशा थोर उदाहरणांमुळे रुग्णसेवा म्हणजे आत्मार्पण ही भावना समाजमनात दृढ झाली. पुढे शतक सरता सरता एड्स आला आणि या रुग्णाला हात लावणे म्हणजे मृत्यूला हात लावणे, असे कित्येक परिचारिकांना वाटू लागले. परंतु प्लेगाने सेवकाचे प्राण मागितले, तसे एड्सने मागितले नव्हते. त्याने मागितले ते ज्ञान आणि सावधगिरी.

या रोगाची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू हाती लागला. भारतातील पहिला पुरावा १९८६ साली मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी उजेडात आणला. या विदुषी तेथील गायतोंडे या मराठी कुटुंबातील होत. रक्त, शरीरसंबंध आणि माता-बालकाचे नाते या वाटांनी हा विषाणू पसरतो, स्पर्शाने किंवा सहभोजनाने नव्हे, हेही लवकरच स्पष्ट झाले. तरीसुद्धा १९८९ साली गोव्यात, रक्तदानाच्या चाचणीत विषाणू आढळलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकांतात कोंडण्यात आले. शासनयंत्रणेची ही अवस्था, तर खेड्यातील नर्सबाईला एकटीला दोष कसा द्यावा?

तिची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. मैदानी मुलुखात सुमारे ५,००० वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा शासकीय दंडक आहे. तेथे लस टोचणे, जखम बांधणे, प्रसूती करणे ही कामे तिच्याकडे येतात. प्रसूतीत रक्ताशी संबंध अटळ असतो आणि अडचणीच्या वेळी सल्ला देण्यास जवळ डॉक्टर असेलच असे नाही. शिवाय ती त्याच पंचक्रोशीत राहते. रुग्णाचे गुपित तिच्या तोंडून एकदा सुटले, की त्याला गावात तोंड दाखवणे कठीण होते.

या भयावर खरा उतारा सापडला तो एका साध्या नियमात. अमुक रुग्ण धोक्याचा आणि तमुक निर्धोक, असा भेद न करता प्रत्येकाचे रक्त सारख्याच सावधगिरीने हाताळावे, असे १९८७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले. रुग्णाच्या खाटेवर निराळी खूण लावण्याचे कारणच त्यामुळे उरले नाही. बाधित रक्ताची सुई टोचली, तरी अशा १,००० प्रसंगांत सुमारे ३ वेळाच विषाणूची लागण होते. जखम साबणपाण्याने धुऊन, ७२ तासांच्या आत औषध सुरू करून ते २८ दिवस घेतल्यास तोही धोका बराच घटतो. हे हिशेब ठाऊक असलेली परिचारिका निर्धास्त मनाने रुग्णाजवळ बसू शकते.

तिने पाठ फिरवली तर हानी किती होते? उपचार न मिळाल्यास बाधित मातेकडून बालकाला लागण होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते. वेळीच औषध मिळाल्यास ते ५ च्या खाली येते. भारत सरकारने २००४ सालापासून ही औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. परंतु उपकेंद्राच्या दारात अपमान झालेली गर्भवती त्या औषधापर्यंत पोहोचतच नाही.

२०१७ सालच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र आणल्या. रुग्णाला सेवा नाकारणे व त्याचे गुपित फोडणे त्याने निषिद्ध ठरवले. त्याच वेळी सेवकांना संरक्षक साधने, शिक्षण आणि प्रतिबंधक औषध पुरवण्याचे दायित्व संस्थेवर टाकले. परिचारिकेला दयेचा उपदेश करणे सोपे असते. तिच्या हाती हातमोजे, पुरेसे ज्ञान आणि वेळेवर औषध देणे हे त्याहून अवघड, परंतु अधिक फलदायी काम होय.