डावं-उजवं

पोटच्या मुलांत डावं-उजवं करू नये, असं आपल्याकडे म्हणतात. हेडफोनला ही शिकवण कोणी दिलेली नसते. सहा-आठ महिने तो दोन्ही कानांना सारखं वागवतो आणि मग एके दिवशी तबला उजव्या कानात दणदणीत, तर गवई डाव्या कानात शेजारच्या बिऱ्हाडातून गातोय, असा प्रकार सुरू होतो. माणूस आधी वायर हलवतो, मग हेडफोन हलवतो, शेवटी डोकं हलवतो.

दोन्ही बाजू जुळत नसल्या की काय होतं, हे बँकेतल्या माणसाला विचारावं. पण तिथं निदान फरक किती रुपयांचा आहे हे तरी कळतं. कानांचा ताळेबंद त्याहून चिवट, आणि त्याचं दप्तर चांगलं १८८१ पासूनचं आहे.

त्या साली पॅरिसला विजेच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनिअरने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचावर पुढच्या कडेला डावी-उजवीकडे टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले आणि तारा थेट प्रदर्शनाच्या इमारतीत नेल्या. लोक रांगा लावून दोन हातांत दोन रिसीव्हर धरायचे आणि दोन कानांना लावायचे. गाणारी व्यक्ती रंगमंचावर एका बाजूकडून दुसरीकडे गेली की आवाजही सरकल्यासारखा वाटे. पुढे १८९० मध्ये याची रीतसर कंपनी निघाली, 'थिएट्रोफोन' नावाची. ती १९३२ पर्यंत चालली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त तिचे वर्गणीदार होते. घरबसल्या ऑपेरा, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंची टोपी आड येण्याची भीती नाही! एका बाजूने कमी ऐकू आलं तर त्या हाताने रिसीव्हर जरा जास्त दाबायचा, एवढीच दुरुस्ती हाताशी असणार.

१९१० च्या सुमारास अमेरिकेत, युटामध्ये, नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थांनी डोक्यावर अडकवायचे हेडफोन केले, तेही स्वयंपाकघरात. गिऱ्हाईक लाभलं ते थेट अमेरिकन नौदल. पण कारखाना पडला स्वयंपाकघर, त्यामुळे एका वेळी दहाच नग देईन, असं त्यांनी कळवलं म्हणतात. (त्या घरी जेवणं वेळेवर होत होती का, याबद्दल इतिहास गप्प आहे.) या हेडफोनमध्ये दोन्ही कानांना एकच माल मिळे. एकत्र कुटुंबात सगळ्यांना एकाच ताग्याचे सदरे शिवत, तसा. त्यामुळे तुझं कमी, माझं जास्त ही तक्रार फारशी नव्हती.

वाटण्या झाल्या त्या अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरमुळे. हे बायकोला घेऊन सिनेमाला गेले होते. पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्यांना खटकलं. आपण अशा वेळी थिएटरवाल्याला नावं ठेवतो. त्यांनी डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याची बहुतेक सगळी मांडणी त्या अर्जात आहे. स्टिरिओच्या तबकड्या बाजारात मोठ्या प्रमाणावर आल्या १९५८ मध्ये. ते बघायला ब्लूमलाइन नव्हते. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीसाठी ते ज्या विमानात बसले होते, ते कोसळलं. वय अवघं अडतीस. १९५८ मध्येच अमेरिकेत मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी खास स्टिरिओ ऐकण्यासाठी हेडफोन काढले आणि भांडण माणसाच्या डोक्यावर येऊन बसलं.

कारण आता सगळंच दोन-दोन झालं. पिनेचंच बघा. टोक डाव्या कानाचं, त्यामागचं कडं उजव्याचं, आणि त्यामागचा भाग दोघांचा सामायिक. पिनेच्या भोकात धूळ बसली किंवा पिनेजवळ वायर आतून तुटत आली, की एक भाऊ उपाशी. जुन्या आवाजाच्या बटणात एकाच दांड्यावर दोन पट्ट्या असतात. आवाज अगदी बारीक ठेवला की त्या दोघी जुळत नाहीत. जरा वाढवला की एकीने नांदतात. हा बिघाड नव्हे, स्वभाव आहे. १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला, त्याला तर डाव्या आणि उजव्या आवाजाच्या दोन वेगळ्या सरकपट्ट्या होत्या. म्हणजे कंपनीने सरळ सांगितलं, तुमचं तुम्ही बघा. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. हल्लीच्या मोबाइलमध्ये अशीच पट्टी सेटिंगच्या पोटात कुठेतरी दडवलेली असते, आणि घरातलं लहान मूल ती नेमकी शोधून सरकवून ठेवतं.

कधी कधी दोष कुणाचाच नसतो. बीटल्सच्या १९६३ च्या स्टिरिओ तबकड्यांत गाणारे एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला आहेत. तिथं वायर हलवत बसाल तर वायर तुटेल.

खरी चूक कुठली, हे शोधायची रीत फुकटची आहे. हेडफोन उलटा घालायचा, डावा उजवीकडे. कमी आवाज उजवीकडे गेला, तर दोष कानात नाही, तो गाण्यात, यंत्रात किंवा हेडफोनमध्ये आहे. हेडफोनची जाळी पुसा, नाहीतर दुसरा लावून बघा. कमी आवाज डावीकडेच राहिला, तर मग पुढची पायरी.

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, निवृत्त झाल्यावर हेडफोन लावून जुनी नाट्यपदं ऐकू लागले. वर्षभरात तीन हेडफोन झाले. तिन्हींची डावी बाजू कमी. "हल्ली मालच डुप्लिकेट," असं ते बाजारभर सांगत. मी म्हटलं, "भाऊजी, उलटा घालून बघा." त्यांनी घातला. मग काही न बोलता काढला, परत सरळ घातला, परत उलटा. गाणं चालूच होतं. कमी आवाज डावीकडून हलला नाही.

"मळ असेल हो," मी म्हणालो. पुष्कळदा तसंच असतं. फक्त काडी घालून कोरू नये. एखादा कान एकाएकी बसला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण काही दुखण्यांत सुरुवातीच्या दिवसांतच औषध लागू पडण्याची आशा जास्त असते. भाऊजींचं तसं नव्हतं. कान हळूहळू गेला होता. डॉक्टरांनी तपासणी करून आलेख काढला आणि डाव्या कानाला यंत्र दिलं.

घरी आल्यावर भाऊजी ताईला म्हणाले, "अगं, मला पत्तासुद्धा नव्हता!"

"मला होता," ताई म्हणाली. "दोन वर्षं झाली, जेवायला मी तुमच्या उजव्या हाताला बसते."

तीन हेडफोनपैकी एक माझ्याकडे आला. दोन्ही बाजू उत्तम आहेत.