राजाचा बिशप आणि भूदासाचा मुलगा

युरोपच्या मध्ययुगाचा विषय निघाला की एक मुद्दा हमखास पुढे येतो : तिथला पुरोहित जन्माने ठरत नव्हता, सामान्याचा मुलगाही बिशप होऊ शकत होता. मुद्दा खोटा नाही. पण ‘होऊ शकत होता’ या शब्दांखाली बरेच काही झाकले जाते. चौदाव्या शतकातील इंग्लंडच्या दाखल्याने ते तपासून पाहू. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे शिडी दिसली की ती कुणाच्या ताब्यात आहे, हे मी आधी पाहतो.

विल्यम ऑफ विकम १३२४ साली हॅम्पशायरमधील एका साध्या, पण स्वतंत्र कुटुंबात जन्मला. १३५६ मध्ये तिसऱ्या एडवर्डने त्याला विंडसर किल्ल्याच्या बांधकामावर नेमले. राजाला लिहिणारी, हिशेब ठेवणारी माणसे हवी होती आणि त्यांना पोसायला चर्चच्या जागा होत्या. १३५७ मध्ये पुलम गावच्या चर्चची जागा राजाने विकमला दिली. पुरोहितपदाची दीक्षा त्याला मिळाली १३६२ मध्ये! अशा कितीतरी जागा एकाच वेळी त्याच्या नावावर होत्या. त्यांचे उत्पन्न कुठले? मुख्यतः शेतकऱ्याच्या पिकाचा दहावा हिस्सा. नावाचा धनी दरबारात असे; गावातले बाप्तिस्मे आणि मर्तिके थोडक्या पैशांत दुसराच गरीब पुरोहित उरकी. १३६७ मध्ये विकम विंचेस्टरचा बिशप आणि राज्याचा चान्सलर झाला. १३७६ मध्ये दरबाराची मर्जी फिरली, तेव्हा त्याच बिशपपदाच्या जमिनी आणि उत्पन्न जप्त झाले.

त्याचे श्रेयही नाकारता येत नाही. १३७९ मध्ये ऑक्सफर्डला न्यू कॉलेज आणि १३८२ मध्ये विंचेस्टरला शाळा त्याने स्थापन केली. दोन्हीकडे सत्तर-सत्तर गरीब विद्यार्थ्यांची सोय केली. मात्र प्रवेशात अग्रहक्क ठेवला तो स्वतःच्या नातलगांना.

आता भूदासाकडे वळू. हा मालकाच्या जमिनीला बांधलेला शेतकरी. मुलाला शाळेत घालायचे तर मालकाची परवानगी हवी, तीही पैसे मोजून. न विचारता घातले तर दंड. मुलगा पुरोहित झाला की मालकाच्या शेतावरचे दोन हात कमी होत, हे त्यामागचे उघड कारण. मालकाच्या संमतीवाचून भूदासाच्या मुलाला दीक्षा देऊ नये, असा नियम ११६४ मध्येच क्लॅरेंडन येथे लिहिला गेला होता.

१३८१ मध्ये हे शेतकरी उठले. त्यांच्याबरोबर जॉन बॉल हा पुरोहित होता. त्याच्या प्रवचनांमुळे चर्चने त्याला बहिष्कृत केले होते. बंडखोरांनी आर्चबिशप सायमन सडबरीचा शिरच्छेद केला. राज्याचा चान्सलरही तोच होता. जागोजाग जमीनदारांची दप्तरे जाळली गेली, कारण दास्य त्या कागदांत लिहिलेले होते. बंड चिरडले गेले, बॉलला फाशी झाली. एकच झगा घालणारे दोघे. एक राजाचा, एक रयतेचा.

पुढचे दशक याहून बोलके आहे. बारा वर्षांपर्यंत नांगरावर राबलेल्या मुलामुलीने पुढेही तेच काम करावे, असा कायदा १३८८ मध्ये झाला. १३९१ मध्ये पार्लमेंटच्या कॉमन्सनी राजाकडे मागणी केली, की भूदासांना आपली मुले शाळेत घालून चर्चच्या मार्गाने वर चढवू देऊ नये. स्वतंत्र माणसांची प्रतिष्ठा राखण्यासाठी! दुसऱ्या रिचर्डने ती मान्य केली नाही. अखेर १४०६ मध्ये कायद्याने म्हटले, की कोणत्याही दर्जाच्या स्त्रीपुरुषाने आपला मुलगा वा मुलगी हव्या त्या शाळेत घालावी. पण त्याच कायद्यात अटही होती : वर्षाला वीस शिलिंग उत्पन्नाची जमीन किंवा भाडे नसेल, तर मुलाला शहरात धंदा शिकायला ठेवता येणार नाही.

म्हणून एका विकमकडे बोट दाखवून ती व्यवस्था खुली होती असे म्हणता येत नाही. वर गेलेल्यांची नावे इतिहासात आहेतच. शाळेच्या दारापाशी कुणाला परवानगी मागावी लागत होती आणि ती देणारा कोण होता, हे विचारल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही.