संमतीच्या रकान्यात कोणाची सही?

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे यवत लोकांना दोन गोष्टींसाठी ठाऊक आहे. एक म्हणजे इथली गुऱ्हाळे, आणि दुसरी म्हणजे तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाला गाव रांधते ते पिठले-भाकरी. या गावात राहून इतिहासाची कागदपत्रे चाळणाऱ्याला मात्र तिसरीही एक गोष्ट दिसू लागते, आणि ती या रस्त्याच्या फाट्यावरची आहे. यवतहून सोलापूरच्या दिशेने निघाले की चौफुला लागतो. तिथे तमाशाची कला केंद्रे आहेत. रस्त्याने जाणारे त्यांच्याकडे बघतात आणि न बघितल्यासारखे करतात. चौफुल्यावरून डावीकडे वळले की केडगाव, पुढे पारगाव, न्हावरे आणि मग शिरूर. तासाभराचा हा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. बाईच्या शरीराविषयीचा निर्णय कोण घेते, या प्रश्नाची गेल्या सव्वाशे वर्षांतली तीन महत्त्वाची प्रकरणे या एका रस्त्याला येऊन भिडतात, हे मला नकाशा समोर ठेवल्यावर जाणवले.

आधी शब्दाकडे पाहू. ‘संमती’ हा शब्द मराठी घराघरांत पोचला तो १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्यामुळे. त्याआधीच्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मरण पावली होती. त्यानंतर सरकारने शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा दहावरून बारा केली, आणि पुण्यात त्यावरून रण माजले. बाजूने आणि विरोधात सभा झाल्या, केसरीने रकानेच्या रकाने लिहिले, धर्मशास्त्राची वचने दोन्ही पक्षांनी काढली. या सगळ्या वादात एक चमत्कारिक गोष्ट आहे. नाव संमतीचे, पण ती द्यायची कोणी, कशी आणि नाकारता येते का, हा मुद्दाच नव्हता. मुद्दा होता वयाचा. बारा वर्षे पूर्ण झाली की मुलीला विचारण्याचे कारण कायद्याला उरत नव्हते. शब्द आला, त्याचा अर्थ मात्र मागे राहिला.

अर्थ मागणारी एक बाई त्याच्या आधीच मुंबईच्या उच्च न्यायालयात उभी राहिली होती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले होते. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात प्रकरण परत आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. लहानपणी लागलेल्या लग्नाला माझी संमती नव्हती, हे त्यांचे म्हणणे साधे होते, आणि तेच कोणाला पचत नव्हते. अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंना या निकालाची बातमी कळली तेव्हा त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या शिक्षिका डोरोथिया बील यांना अतिशय संतापाने पत्र लिहिले. त्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले.

याच रमाबाई पुढे केडगावला आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात हलले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि बालविधवा गोळा करून आणल्या. पुण्यात प्लेग आणि प्लेगाचे निर्बंध, म्हणून या मुलींना केडगावच्या शेतावर नेले गेले. मुक्ती मिशनचा जन्म असा प्लेगाच्या सावलीत झाला, आणि त्या सावलीचा संबंध आपल्या विषयाशी सरळ आहे.

१८९७ च्या पुण्यातल्या प्लेग-व्यवस्थेची गोष्ट आपण सहसा रँड आणि चापेकर या दोन नावांत सांगतो. घरात घुसणारे गोरे सोल्जर, देवघरात बूट, बायकांची अंगझडती, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या. या गोष्टीत बाईची इज्जत हा घराण्याचा, जातीचा, शहराचा अपमान म्हणून येतो. रमाबाईंनी तोच विषय वेगळ्या रीतीने मांडला. मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये त्यांनी पत्र लिहून प्लेगाच्या दवाखान्यात आणि विलगीकरणाच्या छावणीत बायका सुरक्षित नाहीत असे जाहीर केले, आपल्या सदनातल्या एका मुलीचे काय झाले ते सांगितले. त्या मुलीच्या घराण्याच्या अब्रूचा प्रश्न नव्हता, कारण तिला घराणेच नव्हते. प्रश्न तिचा होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते पत्र अत्यंत चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. त्याच सुमारास गोखले विलायतेत होते. पुण्यात सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तो देता आला नाही, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. गोखल्यांच्या चरित्रांत ही माफी त्यांच्या सचोटीचा दाखला म्हणून येते. मला ती वाचताना दरवेळी वाटते, की पुरावा द्यायचा म्हणजे एखाद्या बाईने पुढे येऊन आपल्या अंगावर काय झाले ते साहेबापुढे सांगायचे, आणि मग त्याच गल्लीत राहायचे. असा पुरावा मिळत नसतो. त्यावरून काही घडलेच नाही असे ठरवणे सोपे असते.

मुक्तीच्या भिंतींच्या आत सगळे आलबेल होते असेही मी म्हणणार नाही. तिथली शिस्त कडक होती, धर्मांतरावरून वाद होते, आणि आत आलेल्या मुलीला कितपत निवड होती हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे. पण दौंड तालुक्यातल्या या माळावर टाकलेल्या बाईला शिवणकाम, छपाई, शेती शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे काम झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई इथेच वारल्या.

आता त्याच रस्त्याने शिरूरला. साल १९९४, महिना फेब्रुवारी. शिरूरला मतिमंद मुलींसाठीची शासकीय संस्था होती. तिथल्या अठरा ते पस्तीस वयाच्या बायकांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्यात आली. अकरा जणींच्या शस्त्रक्रिया झाल्या तेव्हा बातमी फुटली. पुण्या-मुंबईच्या स्त्री संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर आले. मुख्यमंत्री शरद पवार यांनी उरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली.

सरकारी बाजूचे कारण असे होते, की या मुलींना पाळीच्या वेळची स्वच्छता राखता येत नाही. कारण ऐकायला दयाळू आहे. घरात अशी मुलगी असलेल्या आईशी बोललेल्या कोणालाही ते खोटे वाटणार नाही. महिन्याचे ते चार दिवस काय असतात हे त्या आईलाच माहीत. पण शिरूरला आई नव्हती, शासन होते. कपडे बदलायला किती सेविका आहेत, पाणी किती आहे, शिकवायला कोण आहे, हे प्रश्न खर्चाचे होते. माणसे नेमायची आणि रोज शिकवायचे, की एकदाच टेबलावर घ्यायचे, यांतले दुसरे निवडले गेले. शिवाय त्या वेळी विरोधकांनी एक मुद्दा मांडला होता, तो आजही ऐकताना अंगावर काटा येतो: गर्भाशय काढल्याने पाळी थांबते, दिवस जाण्याची भीती संपते, पण कोणाचा हात अंगावर येणे थांबत नाही. उलट, आला होता हे कळण्याची एकमेव खूण नाहीशी होते.

आणि संमती? ती पालकांची घेतली, किंवा पालक म्हणून संस्थेची. म्हणजे जी व्यवस्था शस्त्रक्रिया सुचवत होती तिनेच तिला होकार दिला. त्या अकरा जणींना समजेल अशा शब्दांत, चित्रांनी, खुणांनी विचारून पाहावे, ही कल्पना त्या कागदपत्रांच्या चौकटीत बसणारी नव्हती.

कायदा हळूहळू तिथे पोचला, दुसऱ्या गावांच्या वाटेने. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे; दिल्लीतल्या त्या चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाईला भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय काढले होते, ती सही पुरेशी नव्हती. २००९ मध्ये चंडीगडच्या शासकीय निवासातल्या, बलात्कारातून गरोदर राहिलेल्या मतिमंद मुलीचा गर्भपात तिच्या इच्छेविरुद्ध करायला त्याच न्यायालयाने नकार दिला. तिला मूल हवे होते, आणि तिला विचारले गेले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात अखेर लिहिले गेले, की वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही. शिरूरला बावीस वर्षे उलटली होती.

इथे विषय संपला असता, जर या रस्त्याच्या कडेच्या उसाची तोड कोण करते हे पाहिले नसते तर. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ट्रॅक्टर, बैलगाड्या येतात. कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. बाई हिशेबात अर्धा कोयता. पहाटे तीन-चारला फडात, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, पोटात कळा असोत की अंगावरून जात असो. खाडा झाला की दिवसाचे पैसे बुडतात आणि वर दंड. न्हाणीघर नाही, संडास नाही. अंगावरून पांढरे जाते, दुखते, म्हणून बाई दवाखान्यात गेली की तिला ऐकायला मिळते, पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल. या भागात ‘पिशवी काढली’ हे शब्द दात काढल्यासारखे सहज उच्चारले जातात.

२०१९ मध्ये हे राज्यभर गाजले. आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, की तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक. त्याच काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातले हे प्रमाण शंभरात तीनसुद्धा नव्हते. काढून टाकल्यावर कंबर धरणे, हाडे दुखणे, अकाली म्हातारपण, आणि डोक्यावर शस्त्रक्रियेचे कर्ज. ते फेडायला पुन्हा उचल.

शिरूर आणि बीड यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. शिरूरला विचारलेच नव्हते. बीडमध्ये विचारले होते, कागदावर अंगठा किंवा सही होती, आणि पुष्कळ जणींनी स्वतःहून दवाखाना गाठला होता. कोणी जबरदस्ती केली, असे विचारले तर बोट दाखवायला माणूस सापडत नाही. उचलीचा आकडा सापडतो, खाड्याचा दंड सापडतो, कॅन्सरची भीती सापडते. इतके सगळे पाठीशी लागल्यावर निघालेला होकार संमतीच्या रकान्यात इतर कोणत्याही होकारासारखाच दिसतो.

सरकारने उपाय केला तोही पाहण्यासारखा आहे. बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी खासगी डॉक्टरांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असे ठरले. त्याने बेसुमार शस्त्रक्रियांना लगाम बसायला मदत झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण फॉर्मवर आणखी एक सही वाढली, आणि ती पुन्हा दुसऱ्याचीच. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही. तरी अजूनही कित्येक दवाखान्यांत आधी ‘मालकांना बोलवा’ असेच सांगतात, आणि बायकाही निमूट बोलावतात.

गोऱ्हे समितीने आणखीही सुचवले होते: तोडीला निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर, अशी दोनदा प्रत्येक बाईची आरोग्य तपासणी व्हावी. तोडीचा हंगाम त्या दोन तपासण्यांच्या मधे येतो. या दिवाळीनंतर गाळप सुरू होईल, पारगाव-न्हावऱ्याच्या बाजूला कोप्या पडतील, आणि त्या मधल्या पाच महिन्यांत कोपीजवळ आडोसा करून पाण्याची बादली कोण ठेवते, ते फडावर जाऊन बघावे लागेल.