वरच्या वर्गाचं तिकीट, खालचा डबा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला गावी नेताना मी वातानुकूलित डब्याचं तिकीट काढलं होतं. तो डबा गाडीला जोडलाच नव्हता. स्लीपरमध्ये अख्खी रात्र तिने पाय अवघडून काढली. तेव्हापासून मी खालच्या वर्गात बसावं लागलेल्या प्रवाशाच्या हक्काचा माग काढतो आहे.

तो फार जुना निघाला. १८९० च्या रेल्वे कायद्याचं ६७ वं कलम सांगत होतं, की आपल्या वर्गात जागा नसल्याने खालच्या वर्गात बसावं लागलं, तर तिकीट परत देऊन भाड्यातला फरक घ्या. कायदा इंग्रजांचा, पण तरतूद रास्त. मात्र त्यात फक्त भाड्याचा हिशेब होता, दुखऱ्या गुडघ्याचा नव्हता. अपमानाचाही नव्हता. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला गांधीजींजवळ पहिल्या वर्गाचं तिकीट होतं. तरी त्यांना सामानाच्या डब्यात जायला सांगितलं आणि त्यांनी नकार देताच फलाटावर उतरवलं.

पुढे १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि ‘सेवेतील त्रुटी’ हे शब्द सामान्य माणसाच्या अर्जात उतरले. आईच्या अर्जातही भाड्याच्या फरकाखाली मी शारीरिक त्रासाची भरपाई वेगळी मागितली. आईने अर्ज दोनदा वाचला आणि सही केली.