खजूर रोडवरचा आवाज

रॉक म्हटलं की कानठळ्या बसवणारी गिटार आठवते. दिल्लीत १९९० साली सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी ‘इंडियन ओशन’ हा बँड सुरू केला, तेव्हा मात्र गिटारीशेजारी तबला येऊन बसला. असीम तबला वाजवता वाजवता गातही असत. पुढे राहुल राम आणि अमित किलम आले. नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेल्या राहुल यांच्याबरोबर नर्मदाकाठचं ‘माँ रेवा’ आलं. २००० सालच्या ‘कंदीसा’त तर केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांची प्राचीन प्रार्थना आहे. ती भाषा मला येत नाही. पण ऐकताना, ही दुआ कोणाची, असं विचारावंसंच वाटत नाही.

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम गेले. त्यांचा आवाज असलेली नवी गाणी बँडनं २०१० मध्ये महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर मोफत दिली. अल्बमचं नाव होतं करोलबागेतल्या सरावाच्या घराचा पत्ता: ‘१६/३३० खजूर रोड’. फुकट देण्याची सवय आम्हा कवींना असते. संगीतावर ज्यांचं घर चालतं, त्यांना ते सोपं नसतं.

२०१३ मध्ये सुस्मितही बाहेर पडले. नवे वादक आले, बँड गात राहिला. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र. आपल्या गाण्याचं काय करायचं, हे आपणच ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.