हळदीच्या रंगापासून आम्लतेच्या आंकड्यापर्यंत



नांदेडहून हिंगोलीच्या वाटेला लागलें म्हणजे अर्धापूर मागें पडल्यावर वारंगा फाटा येतो. येथून एक रस्ता कळमनुरीवरून हिंगोलीस जातो, तर दुसरा हदगांव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे वळतो. हा सारा मुलूख हळदीचा. वसमत, हिंगोली व नांदेड येथील पेठांचें नांव हळदीमुळेंच दूरवर पोंचलें आहे. या हळदीचा पिवळा रंग केवळ फोडणीपुरता किंवा मंगलकार्यापुरता नाहीं. पदार्थांची आम्लता ओळखण्याच्या शास्त्रांतहि त्याला मानाचें स्थान होतें. त्या शास्त्राची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

हळदीचा डाग पडलेल्या लुगड्याला साबण लागला कीं डाग तांबडा होतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्यावर लिंबू पिळलें कीं तो पुन्हां पिवळा होतो. साबणाचें पाणी अल्कधर्मी व लिंबू आम्ल. हळदींतील रंगद्रव्याचे कण अल्काच्या संगतींत आपली रचना बदलतात आणि म्हणून रंग पालटतो. अशा रंगबदलाचा शास्त्रीय उपयोग इंग्लंडांत रॉबर्ट बॉइल यानें १६६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या रंगांवरील ग्रंथांत वर्णिला. व्हायोलेट फुलांचा अर्क आम्लानें तांबडा व अल्कानें हिरवा होतो, असें त्यानें दाखविलें. पुढें मायकेल फॅरडे यानें विजेच्या प्रवाहानें क्षारांचें पृथक्करण करतांना हळदीनें रंगविलेला कागद वापरला. १८३३ च्या सुमाराच्या त्या प्रयोगांत एका टोंकाशीं लिटमसचा कागद तांबडा होई, तर दुसऱ्या टोंकाशीं हळदीचा कागद तपकिरी होई. आणि आम्ल कोठें व अल्क कोठें निर्माण झालें हें डोळ्यांना दिसे.

परंतु रंगाची साक्ष नेहमींच निर्विवाद नसते. कुंकू करण्याची आपली जुनी रीत पाहा. हळकुंडांना लिंबाचा रस व टाकणखार लावून तीं तांबडीं करतात. येथें आम्ल असूनहि रंग तांबडा झाला, कारण टाकणखारांतील बोरॉन हळदीच्या रंगद्रव्याशीं संयोग पावतो. दुसरी उणीव याहून मोठी होती. पदार्थ आम्ल आहे कीं अल्क, एवढेंच हळद सांगे. किती आम्ल, हें सांगणें तिच्या आवांक्याबाहेरचें होतें.

मग 'किती' हें मोजावयाचें कसें? आम्लांत थेंब थेंब अल्क घालावयाचें आणि रंग पालटेपर्यंत किती लागलें तें मोजावयाचें, ही रीत एकोणिसाव्या शतकांत रूढ झाली. तींतहि एक कोडें राहिलें. सारख्या प्रमाणांत विरल केलेलें हायड्रोक्लोरिक आम्ल आणि शिरक्यांतील ॲसेटिक आम्ल घेतलें तर दोघांनाहि अल्क सारखेंच लागतें. पण पहिल्याचा जोर दुसऱ्याहून कितीतरी अधिक असतो. याचें उत्तर स्वीडनच्या आऱ्हेनियस यानें १८८७ सालीं मांडलेल्या आयनसिद्धान्तांत सांपडलें. आम्ल पाण्यांत विरघळलें म्हणजे हायड्रोजनचे विद्युत्भारित कण, म्हणजेच आयन, सुटे होतात. हायड्रोक्लोरिक आम्लांत ते जवळजवळ सर्वच सुटतात, ॲसेटिकमध्यें फारच थोडे. आम्लाचा जोर या सुट्या आयनांवर अवलंबून असतो. सांठवणींत किती आहेत त्यावर नव्हे.

हे सुटे आयन मोजण्याची गरज तीव्रतेनें भासली ती कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत. ही प्रयोगशाळा एका बिअरच्या कारखान्यानें १८७५ सालीं स्थापिलेली. तेथील रसायनविभागाचा प्रमुख सोरेन्सेन याला आढळून आलें कीं, किण्वकांचें कार्य आम्लाच्या एकूण सांठ्यावर नव्हे, तर सुट्या हायड्रोजन आयनांवर ठरतें. त्यांचे आंकडे इतके सूक्ष्म कीं लिहितांना शून्यांची रांगच लागे. म्हणून १९०९ सालीं त्यानें लॉगॅरिदमचा आश्रय करून 'पीएच' ही मोजणी सुचविली.

ही मोजणी आपल्या कोटींच्या हिशेबानें फार सोपी होते. पंचवीस अंश उष्णतामानांत शुद्ध पाण्याच्या एक कोटी लिटरांत मिळून सुमारें एक ग्रॅम हायड्रोजन आयन असतात. एक कोटी लिहितांना एकावर सात शून्यें पडतात. म्हणून शुद्ध पाण्याचा पीएच ७. लिंबाच्या रसाचे सुमारें शंभर लिटर घेतले तरी तेवढेच आयन मिळतात. शंभराचीं शून्यें दोन, म्हणून त्याचा पीएच सुमारें २. आतां बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर घ्या. त्याच्या खारांचा उल्लेख 'आईन-इ-अकबरी'त सांपडतो; कांच व साबण करण्यास ते उपयोगी पडत. त्याच्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास असतो. म्हणजे तेथील एक ग्रॅम आयन गोळा करावयास एक हजार कोटी लिटर पाणी उपसावें लागेल! आंकडा एकानें चढला कीं आयन दहापटीनें घटतात, हें ध्यानांत ठेवावें.

म्हणूनच येथें साधी सरासरी चालत नाहीं. पीएच ४ व पीएच ६ असे दोन तीव्र आम्लांचे विरल द्रव समभाग मिसळले तर उत्तर पांच येत नाहीं. पहिल्यांत दुसऱ्याच्या शंभरपट आयन. मिश्रणांत पहिल्याच्या जवळजवळ निम्मे उरतात. दोनाचा लॉगॅरिदम ०.३, तेवढाच आंकडा चढून पीएच ४.३ होतो.

मोजणी सांपडली, तरी तिचें उपकरण सुलभ नव्हतें. पातळ कांचेच्या पडद्याच्या दोन बाजूंस निरनिराळी आम्लता असतां विद्युद्दाब उत्पन्न होतो, हें क्रेमरनें १९०६ सालीं दाखविलें. हाबर व क्लेमेन्सिएविच यांनीं १९०९ सालीं त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या एका रसायनज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजतांना अडचण येत होती. त्याचा स्नेही अर्नोल्ड बेकमन यानें ती दूर करण्यासाठीं १९३४ सालीं विद्युत्-वर्धक जोडून एक आटोपशीर यंत्र बनविलें. आजची पीएच-मापकें त्याच वंशांतलीं.

आतां पुन्हां वारंगा फाट्याच्या शिवारांत येऊं. चुनखडीच्या काळ्या जमिनींत पीएच आठाच्या घरांत गेला कीं लोह व जस्त मातींत असूनहि मुळांस मिळत नाहींत, आणि हळदीचीं पानें पिवळीं पडतात. जी हळद जगाला अल्काची ओळख पटवून देते, तीच आपल्या पायांखालच्या अल्कानें कोमेजते. तिच्या रंगाची कसोटी मात्र येथें अपुरी पडते. कारण साधारणतः साडेसातपासून नवापर्यंतच्या पट्ट्यांत तो सावकाश पालटतो, आणि सातांत व साडेसातांत काय फरक आहे हें तो कधींच सांगत नाहीं. म्हणून वीस ग्रॅम माती पन्नास मिलिलिटर पाण्यांत ढवळून तींत कांचेची कांडी बुडवावी लागते. २०१५ पासून दिल्या जाऊं लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेंत पीएचचा जो आंकडा छापलेला असतो, तो असा मिळतो.

अनेकांच्या घरीं ती पत्रिका घडी करून कपाटांत पडलेली असते. तींतला तो लहानसा आंकडा वाचतांना तो साडेसात आहे कीं साडेआठ, हें नीट पाहावें. या दोहोंत एकाचा नव्हे, दहापटीचा फरक आहे. आणि खताचा खर्च सार्थकीं लागणार कीं मातींत अडकून राहणार, हें पुष्कळदां तेवढ्यावर ठरतें.